अकरा मात्रांचा होकार

आमच्या क्युस्तेन्दिल शहरातल्या स्टामेनने आयुष्यात एकही निर्णय झटकन घेतला नाही. नेवेनाशी लग्न करावं का, यावर त्याने दोन वर्षं विचार केला आणि शेवटी तारीख तिनेच ठरवली. त्यामुळे सिनेमाच्या संगीतासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं या प्रश्नात मार्च, एप्रिल आणि अर्धा मे गेला, तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना काही नवल वाटलं नाही.

चाळीस वर्षं तो अकॉर्डियन वाजवत आला होता. आधी लग्नांत, मग कठपुतळ्यांच्या नाट्यगृहात. निवृत्तीनंतर मारिट नावाच्या डच दिग्दर्शिकेने त्याला चेरीच्या बागांत राबणाऱ्या बायकांवरच्या सिनेमाचं काम दिलं. त्रेसष्टाव्या वर्षी पहिला सिनेमा! काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत, भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या एका फळीवर सरकवून, त्याने संगणक मांडला. त्या दिवसापासून घरात बाल्कनीला बाल्कनी म्हणायची बंदी झाली. स्टुडिओ म्हणायचं.

तीन महिने फुकट वापरून बघा, अशी सॉफ्टवेअर त्याने पाच-सहा उतरवून घेतली. शेवटी दोनच उरली. एक देखणं होतं. वर सिनेमा चालायचा, खाली व्हायोलिनांचा ताफा हात जोडून तयार. त्याला स्टामेन राजकुमारी म्हणायचा. दुसरं राखाडी, किचकट. काहीही पुसायला गेलं की विचारायचं, नक्की? मग पुन्हा, खरंच नक्की? आणि एवढं विचारून पुसलेलंही ते आपल्या कपाटात लपवून ठेवायचं. त्याचं नाव सासू.

कसोटी एकच होती, आमचा ताल झेपतो का. आमच्या भागातला कोपानित्सा नाच अकरा मात्रांचा. दोन-दोन-तीन-दोन-दोन. मधल्या तिनावर पाय क्षणभर हवेत राहतो, आणि सगळी गंमत त्या राहण्यात आहे. नेवेनाच्या आईचं चेरी तोडतानाचं गाणं याच चालीचं, आणि सिनेमाचा शेवट त्याच गाण्यावर व्हायचा होता.

"ये इकडे, मोजून दाखव या बयेला," स्टामेनने मार्चमधल्या एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारात मायक्रोफोन धरला.

नेवेना घेवड्याचं सार ढवळत होती. तिने पळीने पातेल्याच्या काठावर अकरा मात्रा वाजवल्या, एकदा मोजल्या, मग हसत हसत अख्खं गाणं म्हणून टाकलं.

"पातेलं कशाला वाजवलंस? सगळं खराब झालं," म्हणून स्टामेनने ते पुसलं. सासूने दोनदा विचारलं. तो दोनदा वैतागला.

"हेच घे," नेवेना म्हणाली. "माझ्या आईसारखं आहे. कटकट करतं, पण काही हरवू देत नाही."

"तुझ्या आईची एक आठवण घरात पुरे!" स्टामेन म्हणाला आणि मेच्या मध्यावर त्याने राजकुमारीच घेतली. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. हे त्याला कठपुतळ्यांत इतकी वर्षं घालवूनही कळलं नव्हतं.

त्याच महिन्यात नेवेनाच्या गळ्यातली गाठ डॉक्टरांनी बघितली. राजधानीत, सोफियात शस्त्रक्रिया ठरली, गुरुवारी. बोलाल, डॉक्टर म्हणाले, पण गाण्याचं वचन देत नाही. मग घरात गाठीचा विषय कोणी काढला नाही. फक्त मंगळवारी दुपारी ते गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं.

इथे एक सांगायला हवं. आमची मान जगाच्या उलट चालते. होकाराला आडवी हलते, नकाराला वर-खाली. व्हिडिओवर बोलताना मारिटला पहिला आठवडाभर वाटत राहिलं, की या गृहस्थाला तिचं काहीच पटत नाही. तेव्हा स्टामेनने आरशासमोर उभं राहून परकी मान शिकून घेतली.

"म्हातारपणी मान बदलतोयस? मग बायकोही बदल," नेवेना म्हणाली होती.

मंगळवारी ती झोपायच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेल्या रजयांपुढे उभी राहिली. स्टामेन काचेपलीकडे बाल्कनीत, कानांवर हेडफोन. ती तीनदा गायली. पहिल्या वेळी मधल्या तिनावर तिचा आवाज असा तरंगला, की स्टामेनचा हात माउसवरून उठला. पण तेवढ्यात रस्त्यावर ट्रकने भोंगा वाजवला. तिसऱ्यात भोंगा नव्हता. त्याने काचेतून एक बोट वर करून हवेत पुसल्यासारखं केलं. पहिलं पुसू?

नेवेनाने जोरजोरात मान वर-खाली केली.

दोन महिने मारिटशी बोलून बोलून स्टामेनची मान आणि अक्कल, दोन्ही परकी झाली होती. त्याने पहिलं पुसलं, दुसरंही पुसलं, काम जतन करून बंद केलं. राजकुमारीने चकार शब्द विचारला नाही.

नेवेना घाम पुसत आत आली. "पहिलं लाव. तसं मला परत जमणार नाही."

"तू तर... तूच पुस म्हणालीस."

"मी नाही म्हणाले! चाळीस वर्षं नाही म्हणतेय, तीच मान!"

त्यांनी तिसरं ऐकलं. भोंगा नव्हता, पण थकलेल्या गळ्यात गाणंही उरलं नव्हतं. तिने पुन्हा उभं राहून बघितलं. आवाज खरडून निघाला. स्टामेन खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. नेवेना चिडली होती, तरी तिनेच त्याला पाणी आणून दिलं.

गुरुवारी ती शस्त्रक्रियेसाठी आत गेली. संध्याकाळी स्टामेन रिकाम्या घरी आला आणि काही सुचेना म्हणून त्याने सासू उघडली. तिने कपाटातलं एक जुनं रेकॉर्डिंग पुढे केलं आणि विचारलं, परत काढू? पातेल्यावर पळी वाजली. नेवेना हसली, मोजू लागली, मग गायली. मधल्या तिनावर आवाज तरंगला. स्टामेनने ते सात-आठ वेळा ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सासूसाठी पैसे भरले.

नेवेना घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून. दहा दिवस एक शब्द बोलायचा नव्हता. स्टामेनने तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. ऐकता ऐकता तिची बोटं पलंगाच्या काठावर चालू लागली.

"हेच पाठवू मारिटला? पातेल्यासकट?"

नेवेनाने मान आडवी हलवली.

"नक्की?"

पुन्हा आडवी.

"खरंच नक्की?"

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. डोळे भरलेले होते. मग तिने मान आडवी हलवली, सावकाश, मोजून. दोन, दोन, आणि मधल्या तिनावर ती जराशी थांबली.