चार गिटारी आणि हेंकआजोबा

आईशप्पथ, सगळं खरं आहे. म्हणजे बऱ्यापैकी. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या आमच्या घरातले गिटारचे किस्से इतके साठलेत की कुठला घडला आणि कुठला मी घडवला, मलाच आठवत नाही.

सुरुवात अमोघने केली. डिपार्टमेंटमधल्या प्रत्येक डच पोराकडे गिटार, म्हणून यानेही सेकंडहँड आणली. दोन महिन्यांत आम्ही चौघं, गिटारी चार, कुकर एक. सुरात फक्त कुकर!

*

अमोघची आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "स्थळांना पाठवायच्या फोटोत गिटार घे हं. छान दिसते."

"वाजवून दाखवू?"

"लग्न होऊ दे आधी."

*

एकदा अमोघ गिटार पाठीला लावून सायकलवर युनिव्हर्सिटीला निघाला आणि थेट पुढच्या शहरात, लायडनला पोचला. वारा मागून होता.

बरं, लायडन नाही. पण डेल्फ्ट संपलं होतं.

*

खालच्या मजल्यावर हेंकआजोबा. रिटायर्ड. त्यांचा ईमेल आला: "गिटारींच्या आवाजाबद्दल मंगळवारी चार वाजता ओरडायला येऊ का?"

आम्ही म्हटलं, मंगळवारी लॅब आहे, बुधवारी या. बुधवारी बरोब्बर चारला आले, कॉफी घेतली, एकच बिस्कीट घेतलं आणि मग ओरडले!

*

हसण्यावारी नेलं, तर घरमालकाचा अमोघला फोन. "आणखी एक तक्रार आली, की घर खाली." भाडेकरार अमोघच्या नावावर. डेल्फ्टमध्ये एक वेळ बायको मिळेल, खोली नाही. बिचारा जेवेना.

तेवढ्यात आली खंडेनवमी. घरात शस्त्र म्हणावं असं काही नाही, म्हणून चारही गिटारी पाटावर मांडल्या. हळद-कुंकू, फुलं, उदबत्ती. धुराचा वास आला म्हणून हेंकआजोबा धावत वर!

अमोघ घाबरून म्हणाला, "आजोबा, पूजा आहे. आज गिटारला हातही लावायचा नाही. विश्रांती."

"दिवसभर?"

"दिवसभर."

आजोबा खुर्चीत बसले. डोळे भरून आले त्यांचे. "असं वर्षातून किती वेळा?"

"एकदाच."

उठले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल. दारात हेंकआजोबा. एका हातात बागेतली फुलं, दुसऱ्या हातात सुपरमार्केटमधली हळद. सरळ आत आले, चारही गिटारींना हळदीची बोटं लावली, हात जोडले.

"झाली पूजा. आज विश्रांती. घरमालकाला सांगितलंय, माझी तक्रार नाही. मुलं फार धार्मिक आहेत. उद्या किती वाजता येऊ?"

*

हसतोस काय? पैसे भरायची लिंक पाठवलीय, इथल्या पद्धतीने. तुझ्या कॉफीचे पैसे टाक.