आबांचे कर्णे आणि माझे चार हजार वॉट

चहा घेणार का? हल्ली मी असं विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. ही सवय नवीन आहे. ती कशी लागली ते सांगते. त्यात माझी पुरती शोभा झालीय, पण तुम्ही घरचेच, हसा खुशाल.

आमचे सासरे, आबा. वय पंच्याऐंशी. तरुणपणी ते तंबूचा सिनेमा घेऊन जत्रांमधून फिरायचे. तंबू फाटला, पडदा उंदरांनी खाल्ला, मशीन भंगारात गेलं. उरले दोन कर्णे आणि खेळाआधी वाजवायची सनईची एक तबकडी. कर्णे म्हणजे देवळावर असतात ते भोंगे नव्हेत हं. एकेक कर्णा माझ्या कपाटाएवढा. कळंबच्या आमच्या गोठ्यात पडून होते. एकात कोंबडी अंडी घालायची आणि दुसऱ्यात मक्याची कणसं असायची. तेवढा तरी उपयोग होता.

एक दिवस आमचे हे, वालचंदनगरला कंपनीत फिटर आहेत, ते दोन्ही कर्णे टेम्पोतून क्वार्टरवर घेऊन आले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. एक खोली कर्ण्यांना मिळाली, दुसरी आम्हा तिघांना.

"आबांना एकदा त्यांची सनईची तबकडी ऐकवायचीय," हे म्हणाले. "त्यांच्याच कर्ण्यांतून. नंतर काय फोटोला हार घालून ऐकवू?"

मी फडकं घेऊन कर्णे बाहेरून पुसले. वाद पेटला तो ॲम्प्लिफायरवरून.

यांचे एक मित्र आहेत, शहाणे नावाचे. बारामती एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, आणि घरी बसून जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवतात. नावाप्रमाणे असतील म्हणून मी आदराने बसवलं. तर हे गृहस्थ मोटारसायकल लावून आले, कर्ण्यापुढे गुडघे टेकले आणि आत डोकं घातलं. पाव तास आत. बाहेर आले तेव्हा केसांत मक्याचा दाणा आणि डोळ्यांत पाणी.

"वहिनी, याला आठ वॉट पुष्कळ झाले."

"आठ? आमच्या न्हाणीघरातला दिवा नऊ वॉटचा आहे, भाऊजी."

"तो दिवा आहे, वहिनी. हा आवाज."

"तेवढं कळतं मला. उद्या ट्रॅक्टरला सायकलची चेन लावाल."

त्यांना राग येत नाही, हीच तर त्या माणसाची खोड. शांतपणे म्हणाले, "हे जुने कर्णे थोडक्यात खूप बोलतात. आत कांद्याच्या सालीएवढा पातळ पडदा आहे. ताकद जास्त झाली की जळाला. आणि आता तो कुठंही मिळत नाही. अजून एक, तबकडीचा आवाज फार बारीक असतो, त्याला आधी जरा मोठा करायला प्रीॲम्प लागेल. तोही बेताचाच."

म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधी अजून एक ॲम्प्लिफायर. मुख्य दरवाजातून आत जायला आधी एक छोटा दरवाजा. त्या प्रीॲम्पवर दोघं तीन रविवार बोलत होते. कोणता व्हॉल्व्ह, कोणती वायर, आवाजाचं बटण सैल फिरावं की घट्ट. मी माझ्या लग्नात नवरा एवढा पारखून घेतला नव्हता. घेतला असता तर घरात कर्णे आले नसते.

कोपऱ्यात खाटेवर आबा बसलेले असायचे. मधेच म्हणायचे, "अगं सूनबाई, हे बघ..."

"चहा ना, आबा? आणते," मी ओरडून सांगायची आणि आणायची.

आबांना ऐकू येत नाही, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, आठवत नाही; पाचेक वर्षं झाली असतील. त्यांच्याशी ओरडून बोलायचं आणि त्यांनी तोंड उघडलं की हातात कप द्यायचा, अशी रीत पडली होती.

मग तुम्हीच सांगा, बहिऱ्या माणसाला आठ वॉट पुरतील? आपल्याकडं मोटर घ्या नाही तर ट्रॅक्टर घ्या, पहिला प्रश्न काय, तर किती एचपी? जो कमी एचपीचा घेतो तो दोन वर्षांत मोठा घेतो आणि गावभर हसं होतं ते वेगळंच. ही दोन शहाणी माणसं म्हाताऱ्याच्या शेवटच्या इच्छेची माती करणार, अशी माझी खात्री पटली.

मी कळंबला माझ्या भावाला फोन लावला. बाळूचा साउंडचा धंदा आहे.

"बाळू, तुझं मोठ्यातलं मोठं मशीन केवढं?"

"चार हजार वॉट, आक्का. मागच्या मिरवणुकीत एक म्हैस दावं तोडून गेली ती दुसऱ्या दिशी कालव्याच्या पल्याड घावली."

"घेऊन ये. दाजींना बोलू नको."

रविवारी हे एसटीने बारामतीला गेले, त्या शहाण्यांकडून आठ वॉटचं बाळ आणायला. इकडे बाळूची पिकअप दारात. मशीन उचलायला दोन माणसं लागली. त्याला पंखा होता, तो घोंघों करत होता. याला म्हणतात वस्तू.

"बाळू, प्रीॲम्प लागतो म्हणे."

"ह्यो काय मिक्सर. सोळा बटणं हायत." आणि त्या शहाण्यांच्या डबीला दोन!

शेजारच्या चौघींना बोलावलं. आबांची खुर्ची कर्ण्याच्या अगदी तोंडापुढे मांडली.

"सूनबाई," आबा मशीनकडे बघून म्हणाले, "ह्याला एवढं..."

"चहा नंतर, आबा. आधी सनई."

बाळूने शहाण्यांनी आणून ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर जोडला आणि तबकडीवर सुई ठेवली. कढईत पुरी सोडल्यासारखा चर्र आवाज आला आणि येतच राहिला.

"एवढंच?" मी म्हणाले. "फिरव की उजवीकडं."

"अजून सनई लागायची हाय, आक्का."

"बाळू, आबांना ऐकू येत नाही. सगळी फिरव. सोळाच्या सोळा."

मोठ्या बहिणीचा शब्द. फिरवली त्याने.

आणि सनई लागली. सनई कसली, त्या एका सुरात कर्ण्यांच्या तोंडातून कोंबडीची पिसं, मक्याचे दाणे आणि गोठ्यातली तीस वर्षांची धूळ एकदम बाहेर आली. फडताळातली भांडी खाली. चौघी शेजारणी चपला न घालता घरी. मग फट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. बाळूने वायर उपटली.

"आक्का," तो कर्ण्यात डोकावून म्हणाला, "उजवा गेला."

नेमके तेव्हा हे दारात आले, मागे शहाणे. यांच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं खोकं, तान्हं मूल धरावं तसं. यांनी मशीन पाहिलं, कर्णा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. शहाण्यांनी आत हात घालून तो पडदा काढला. जळलेल्या पापडासारखा चुरा झाला होता.

"आबांना ऐकू यावं म्हणून हो," मी म्हणाले. माझा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

दोघांनी डाव्या कर्ण्याला आठ वॉटचं ते खोकं जोडलं. शहाण्यांनी बटण जेमतेम पाव फिरवलं. काचेतले व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लालसर झाले. पुन्हा तोच चर्र आवाज, पण या वेळी हळू. मग सनई. मी तोंड लपवायला स्वयंपाकघरात गेले होते. तिथवर सनईवाल्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. खोटं कशाला सांगू?

आबांनी डोळे मिटले होते. जरा वेळाने म्हणाले, "बारीक करा थोडं. मोठा हाय."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी धावत बाहेर आले. "आबा, ऐकू येतंय?"

"व्हय. अन् वरडू नगं. डावा कान गेलाय, कर्ण्यापाशी उभं राहून. उजवा शाबूत हाय." मग शहाण्यांकडे वळून म्हणाले, "तंबूत हजार मानूस बसायचं. माझं मशीन बारा वॉटचं हुतं. त्यातलं बी निम्मंच लावायचो."

शहाण्यांनी हात जोडले.

"मग आबा, एवढा घोळ चालला होता, तुम्ही आधी सांगायचं ना."

"तीन आठवडं सांगतोय. तोंड उघडलं की चहा. किती कप प्यालो त्याचा इसाब न्हाय, पर बोलाया एकदा बी घावलं न्हाय."

हे गेलेल्या कर्ण्यावर हात ठेवून उभे होते. "याचा पडदा मिळणार नाही," म्हणाले. "जोडी फुटली, आबा."

"कशापायी फुटतीय? जोडी हाय की," आबा म्हणाले. "एक हितं, अन् एक सैपाकघरात. त्याला तर मशीन बी लागत न्हाय."

हे हसले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग आबांच्या उजव्या बाजूला जाऊन हळू आवाजात विचारलं, "आबा, चहा घेणार?"

आबा नको म्हणाले. बहुतेक गेली पाच वर्षं ते हेच म्हणत असावेत.