भोंग्याच्या मागे बसणारा

दिवसभर गॅरेजमध्ये चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचे आणि संध्याकाळी ड्रम बडवायचे, म्हणून बँडमध्ये त्याचं नावच ठोक्या पडलं होतं. समोर माइकवर त्याचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. आवाज असा दणदणीत की सगळे त्यांना भोंगा म्हणत. मागे बसून बसून ठोक्याला त्यांची पाठ तोंडपाठ झाली होती. पाठीला शर्ट चिकटला की स्वारी रंगात आली, हे त्याने ओळखावं.

एका दुपारी सभागृहात कार्यक्रमाची तयारी चालली होती. भाऊजी वायर खोचायला वाकले, तिथेच खाली बसले आणि म्हणाले, "जरा पाणी दे रे." ठोक्या पेला भरून आला, तोवर माणूस गेलेला. पुढे काय झालं ते त्याला धड आठवत नाही. दवाखान्यात परिचारिकेने त्याच्या हातातून पेला काढून घेतला तेव्हा तो अजून भरलेला होता.

नंतरही ते काही त्याच्या डोक्यात शिरेना. गॅरेजमध्ये हातोडी उचलायची आणि कुठे मारायची तेच विसरायचा. मालकाने दोनदा घरी पाठवलं. ड्रमवर त्याने चादर टाकून दिली.

गिटारवाल्याने नवी गायिका शोधून आणली. दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती, बोलायची इतकं हळू की कान द्यावा लागे. ठोक्या सरावाला गेला तो केवळ भिडेखातर. तिने भाऊजींचंच गाणं धरलं आणि अंतऱ्यात आवाज असा काही वर गेला की याच्या हातातली काठी सुटून घरंगळत दाराशी गेली. तिथे ताई उभी होती. कधी आली, कोणाला पत्ता नव्हता.

ताईने काठी उचलून त्याच्या हातात दिली.

"ह्यांना ही वरची जागा कधीच जमली नाही," ती म्हणाली. "घरी माझ्याजवळ कबूल करायचे. तुमच्यासमोर मात्र खोकला काढायचे."

इतक्या वर्षांत त्याला तो खोकला खराच वाटला होता. हसावं की रडावं, त्याला कळेना. ताई खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा म्हणा म्हणाली.

पहिला कार्यक्रम त्याच सभागृहात ठरला. ताई आली नाही, तिला ती जागा बघवत नव्हती. दोन गाणी नीट पार पडली. मग मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने विचारलं, "आमचा भोंगा कुठाय आज?"

बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. गिटारवाला चपला बघत राहिला. गायिकेने वळून ठोक्याकडे पाहिलं आणि माइकपासून बाजूला झाली.

तो उठून पुढे आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला लोकांचे चेहरे दिसले. आजवर बातमी इतरांनीच सगळ्यांना सांगितली होती, त्याला तोंड उघडावं लागलं नव्हतं.

"भाऊजी गेले," तो म्हणाला. "इथेच गेले."

स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला. विचारणारा माणूस डोक्याला हात लावून मटकन खाली बसला. ठोक्या तसाच उभा होता. अखेर गायिकेने त्याचा दंड धरून त्याला ड्रमपर्यंत नेलं, बसवलं आणि हळूच विचारलं, "सुरू करायचं का?"

त्याने काठ्या उचलल्या. ठेका बरोबर पडला.