न ठरणारा आकडा

दसऱ्यानंतर गाडीचे तंत्र बिघडले. उभ्या जागी इंजिन उगाच गुरगुरत राही. गुरगुर कमी व्हावी म्हणून मी उभ्या गाडीत इंजिनचा वेग ठरवणारा आयडलचा स्क्रू मागे घेतला, तर शाहूपुरीच्या चौकात ती बंदच पडली. पत्नी शेजारी बसली होती. मागून रिक्षावाला ओरडला, "पावणं, उतरून ढकला की, तेवढंच पाय मोकळं हुतील." पत्नी हसली. मी हसलो नाही.

मुलाने ऐकले आणि स्पष्ट सांगितले, "बाबा, आईला आता त्या गाडीत बसवायचं नाही. रविवारपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो." मी होकार दिला. दिलेला शब्द फिरवण्याची मला सवय नाही. पत्नीचे माहेर शिरोळला; एसटीची पायरी तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. गाडी गेली की तिचे माहेरही दुरावणार होते.

रविवारी सकाळी बोनेट उघडले. इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल किती उघडला आहे हे इंजिनच्या संगणकाला कळवणारा सेन्सर दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. ते सैल करावेत, मीटर लावावा, थ्रॉटल मिटलेला असताना पुस्तकातला आकडा येईपर्यंत सेन्सर फिरवावा आणि स्क्रू आवळावेत. काम एवढेच. मी आकडा जुळवला. आवळताना तो हलला. पुन्हा जुळवला. पेडल दाबून सोडले, तर तिसराच आकडा. मीटरची बॅटरी बदलली. सेन्सर खराब ठरवला, मग मीटर खराब ठरवला. उन्हे डोक्यावर आली तरी दोन आकडे सारखे येईनात.

अखेर पत्नीला स्टिअरिंगमागे बसवले.

"पेडल दाब. आता सोड."

"सोडलं."

"पूर्ण सोड."

"सोडलंय की."

"सोडलेलं नाहीस. आकडा वर आहे."

"आकडा माझ्यापरीस खरा व्हय? मग त्यालाच बसवा हितं. पाय वर हाय माझा, या बघायला."

मी गेलो. चप्पल बाजूला काढून तिने पाय पेडलपासून वीतभर वर धरला होता.

पेडल मोकळे होते. म्हणजे अडकले होते ते पुढे. आरसा घेऊन थ्रॉटलच्या लिव्हरखाली पाहिले. लिव्हर आणि आयडलचा स्क्रू यांच्या मध्ये सुती दोरा होता. त्याला झेंडूची वाळलेली पाकळी चिकटली होती.

खंडेनवमीची माळ पत्नी पुढच्या जाळीवर न घालता बोनेटच्या आत घालते. राबते ते इंजिन, जाळी नव्हे, असे तिचे म्हणणे. फुले गळाली, दोरा राहिला. तो मध्ये सापडला की थ्रॉटल मिटत नसे. निसटला की मी मागे घेतलेल्या स्क्रूपायी इंजिन बंद पडे. सकाळभर मी सेन्सर नव्हे, तो दोरा मोजत होतो.

दोरा काढला. स्क्रू मूळ जागी आणला, सेन्सर पहिल्यापासून जुळवला. आकडा आला आणि टिकला. इंजिन एका लयीत चालू लागले.

संध्याकाळी मुलगा आला. बराच वेळ आवाज ऐकत उभा राहिला. "काय निघालं?"

"दोरा."

"माझ्या माळंचा," पत्नी म्हणाली. तिच्या स्वरात खंत नव्हती. "फुडच्या वर्षी कुठं घालू, तेवढं सांगून ठेवा."

"जाळीवर."

"जाळी काय राबती?"

सोमवारी आम्ही शिरोळला गेलो.