पुढच्या पावसाळ्यात येतो

७ जून. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचे म्हणून सकाळपासून बियाणं निवडत होते. मोठ्या गंजात मिठाचं पाणी करून त्यात धान ओतलं की पोचट दाणे वर येतात आणि भरलेले तळाशी बसतात. हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात असताना फोन वाजला. भंडाऱ्याहून भाऊचे घरमालक बोलत होते. भाऊ सकाळी उठलाच नाही, दार ढकलून पाहिलं तर झोपेतच... मी फोन ठेवला, तळाचं धान काढून साध्या पाण्यात दोनदा धुतलं, पोत्यावर सावलीत पसरलं आणि मग निघाले. बियाणं तसंच मिठात राहिलं असतं तर वाया गेलं असतं. भाऊच्या बाबतीत घाई करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

मनोहर माझा थोरला भाऊ. कृषी महाविद्यालयात शिकला आणि कॅलिफोर्नियात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. तिथेच पंचवीस-तीस वर्षं राहिला. लग्न केलं, ते टिकलं नाही. पण त्याचा खरा संसार वेगळाच होता. तो जुने द्राक्षमळे शोधायचा. झिनफंडेल नावाचं एक काळं द्राक्ष आहे, दारूचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाहेरून पोट भरायला आलेल्या लोकांनी त्याचे वेल तिथे लावले. पुढे शहरं वाढली, मळे मोडले, पण कुठे गोदामाच्या मागे, कुठे रेल्वेच्या रुळांलगत, कुठे दोन बंगल्यांच्या मध्ये दहा-वीस ओळी तशाच उभ्या राहिल्या. कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या अशा ओळी भाऊ हुडकून काढायचा. आकाशातून काढलेले जुने फोटो आणि जुने नकाशे घेऊन बसायचा आणि रविवारी गाडी काढून जागेवर जायचा. तेरवीला आलेले लोक मला विचारत होते, "अमेरिकेत लय नाव होतं म्हणे भाऊचं?" होतं बाबा. तिकडच्या वेलींमध्ये होतं.

मी एकदाच गेले होते त्याच्याकडे, जुलै महिन्यात, धानाची रोवणी नवऱ्याच्या गळ्यात टाकून. मला समुद्र वगैरे दाखवेल असं वाटलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी नेलं ते टायरच्या दुकानामागे. कुंपणाच्या आत वाळूची जमीन आणि तिच्यात कमरेएवढी काळी खुंटं. तार नाही, मांडव नाही, पाण्याची नळी नाही. प्रत्येक वेल आपापल्या खोडावर उभा. मला ती जळालेली बाभळीची बुडखी वाटली. भाऊ मात्र देवळात शिरावं तसा आत शिरला. प्रत्येक खोडाला हात लावत, पान उलटं करून पाहत चालला. मध्येच थांबून म्हणायचा, "हे झिनफंडेल नाही, शालू. दुसरंच हाय. जुन्या लोकायनं मिसळ लावली, एक नाही आलं तं दुसरं येईन म्हणून." नमुन्याची काडी कापायची असली की छोट्या बाटलीतल्या स्पिरिटने कात्रीचं पातं पुसायचा. एका वेलीचा रोग दुसऱ्या वेलीला लागू नये म्हणून. शेकडो वेली असल्या तरी प्रत्येक वेलीपाशी पुसायचा. लाल दांड्याची कात्री, कमरेला लावलेली. एक घड त्याने मला दाखवला. अजून रंग धरत होता, अर्धे मणी जांभळे, अर्धे हिरवेगार. पिकतानाही हे द्राक्ष असंच वागतं म्हणाला, एकाच घडात काही मणी सुकून मनुका होतात आणि काही कच्चेच राहतात. मी म्हटलं, "म्हंजे आपल्या घरासारखं." खूप हसला.

त्या मळ्याची मालकीण एक म्हातारी होती. जमीन विकायला काढली होती तिने. भाऊ तिच्या ओट्यावर तासभर बसला. इतक्या अजिजीने बोलताना मी त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं. परत येताना मी विचारलं, काय म्हणत होतास? म्हणाला, "एकच मांगितलं. एक हंगाम थांबा म्हटलं. तेवढ्यात मी काड्या काढून दुसरीकडं लावतो." म्हातारी थांबली. तो वेळेवर गेला, काड्या काढल्या, दुसरीकडे लावल्या, त्या लागल्याही. हे मला नंतर त्यानेच फोनवर सांगितलं, आनंदाने.

त्याच प्रवासात मी त्याला मायचा निरोप दिला होता.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, पवनीकडचं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणार हे ठरलं होतं, पाणी अजून चढायचं होतं. घरामागे आंब्याचं झाड होतं, खोबऱ्या म्हणायचो. फळ लहान, पिकलं तरी हिरवंच, त्यामुळे चोरांनाही कळायचं नाही. आणि चव खोबऱ्याची. बाबूजींना कलमं बांधायचा नाद होता. आमच्या घरची रीत अशी की नात्यातल्या, ओळखीतल्या मुलीचं लग्न असलं की आहेरात भांडं न देता खोबऱ्याचं कलम द्यायचं, ओल्या पोत्यात मुळं बांधून. पुष्कळ जण तोंडं वाकडी करायचे. कलम बांधताना बाबूजी भाऊला शेजारी बसवायचे. आधी झाडावरच काडी निवडायची आणि तिची पानं कापायची, देठ तेवढे ठेवायचे. आठ-दहा दिवसांत काडीच्या टोकाचा डोळा फुगतो. तेव्हा काडी घ्यायची. "डोळा भरला का घे. फुटला का गेली," हे बाबूजींचं वाक्य मलाही पाठ आहे, पण चाकू भाऊच्या हातात असायचा. मी मुळं बांधायचं पोतं भिजवायची.

मला माझ्या लग्नात मिळालेलं कलम सासऱ्यांनी उंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, न लावता धानाच्या बांदीत, खोलगट कोपऱ्यात लावलं. "पानी जवळ राहीन," म्हणाले. धान पिकवणारी माणसं. झाडाला पाणी कमी पडेल याचीच त्यांना काळजी, जास्त होईल हे डोक्यातच येत नाही. दोन पावसाळे बुडखा पाण्यात राहिला आणि झाड कुजलं. त्यामुळे मायला खोबऱ्या पुनर्वसनाच्या गावात न्यायचा होता तेव्हा मूळ झाड तेवढं आमच्या हाताशी उरलं होतं. बाबूजी गेले होते. दुसऱ्या कोणाकडून कलम करवून घेऊ म्हटलं तर माय ऐकेना. "मनोहर येते म्हनते ना. त्याच्या हातचं लागते."

हे सगळं मी भाऊला सांगितलं. टायरच्या दुकानामागून निघाल्यावर, गाडीतच. तो म्हणाला, "पुढच्या पावसाळ्यात येतो."

आला नाही. आंब्याचं कलम करायचे आपल्याकडचे दिवस आणि पानं, घड पाहून वेल ओळखायचे तिकडचे दिवस, दोन्ही एकच. जून ते ऑगस्ट. तो दर वर्षी फोनवर हेच सांगायचा, "आता पानं ओळखाची येळ हाय माय, पुढच्या पावसाळ्यात येतो." तीन पावसाळे हेच. माय फोन माझ्या हातात देऊन म्हणायची, "त्याचंबी काम हाय बाप्पा." मग पाणी चढलं. आधी परसात आलं, मग झाडाच्या बुंध्याला लागलं. माय पुनर्वसनाच्या गावात गेली. तिथे रेघा मारल्यासारखे सरळ रस्ते आणि घरासमोर विजेचा खांब. ती उन्हाळ्यात खांबाच्या सावलीत खुर्ची सरकवत बसायची. खांबाची सावली ती केवढी... सहा वर्षांपूर्वी ती गेली. भाऊ तिच्या तेरवीलाही पोचला नाही, विमान चुकलं.

मायनंतर दोनेक वर्षांनी तो कायमचा परत आला. हृदय थकलं होतं. मी माझ्याकडे करडीला ये म्हटलं, पण त्याने भंडाऱ्यात एक खोली घेतली. आल्या आल्या मला म्हणाला, धरणाकडे चल. काठावर उभा राहून बराच वेळ पाहत होता. मग विचारलं, "आपलं घर कोठी होतं?" शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोवरून परक्यांच्या ओळी काढणारा माणूस. मी बोट दाखवलं, "थो डोंगा दिसते ना, मच्छीवाल्याचा? त्याच्या खाली."

तिथेच त्याने मला एक गोष्ट सांगितली. झिनफंडेलला अमेरिकेतले लोक आपलंच द्राक्ष म्हणून मिरवायचे, पण ते मूळचं कुठलं हे कोणालाच माहीत नव्हतं. मग तपासण्या झाल्या आणि समुद्रापलीकडे युरोपातल्या एका किनाऱ्यावर तेच द्राक्ष सापडलं. तिथे त्याचे मोजकेच वेल उरले होते, त्यांनाही फारसं कोणी विचारत नव्हतं. "मूळ घरी संपत आलं होतं शालू, अन् गेलं तिकडं वाचलं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला काही गहिवर आला नाही. मी म्हटलं, "मूळ घरी काहून संपलं? पाहाले कोणी आलं नाही म्हणून?"

त्या बोलण्यातून त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं. खोबऱ्याही घराबाहेर गेला होता, आहेरातून. बाबूजींनी कोणाकोणाला कलमं दिली ते मला विचारून त्याने शोध सुरू केला. तिकडे करायचा तसाच. दारं वाजवायची, कुत्री चुकवायची, म्हाताऱ्यांशी गप्पा मारायच्या, परसात डोकवायचं. एका ठिकाणी झाड वादळात पडलेलं. एका ठिकाणी रस्ता रुंद करताना गेलेलं. एका ठिकाणी बाईने स्पष्टच सांगितलं, ते रोपटं शेळीनं खाल्लं होतं, आमाले तं भांडंच पाहिजे होतं. तीन-चार वर्षं हिंडला. छातीत कळ आली की कुठल्यातरी पारावर बसून राहायचा. मी ओरडायची. "आता कायले फिरतं बाप्पा? जिच्यासाठी पाहिजे होतं ते तं गेली." तो पुढचं गाव विचारायचा.

यंदा मेअखेर त्याचा फोन आला. "शालू, सापडलं. आंधळगावले. बाबूजीचे ते हातमागवाले दोस्त, त्यायच्या पोरीच्या परसात. हिरवंच पिकते. चव तेच." मी म्हटलं, "मायले सांग." तो म्हणाला, "त्यायले झाड पाडाचं हाय, खोली बांधून राहिले. मी म्हटलं, एक पावसाळा थांबा." आमचं शेवटचं बोलणं हेच. मी याहून बरं काही बोलायला हवं होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. ते त्याला कोणीतरी सांगायला हवंच होतं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी मी त्याची खोली आवरली. कपडे, औषधं, दोन भांडी. खिळ्याला लाल दांड्याची कात्री टांगलेली, पात्याला तेल लावून फडकं गुंडाळलेलं. खाली स्पिरिटची बाटली, अर्धी. बाकी सगळं वाटून टाकलं. कात्री आणि बाटली पिशवीत टाकली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पऱ्ह्यांना पाणी लावून मी आंधळगावची बस धरली. घर सापडायला वेळ लागला नाही, "अमेरिकावाले भाऊ यायचे थे घर" म्हटल्यावर पानठेल्यावरच्या माणसाने गल्ली दाखवली. दारात कमलाबाई. बाबूजींच्या मित्राची मुलगी, माझ्याच वयाची. मी नाव सांगितलं, भाऊ गेल्याचंही सांगितलं. तिने मला बसवलं, पाणी दिलं. "मले वाटलंच. येतो म्हनून गेले, आलेच नाही," ती म्हणाली. मागाची जुनी खोली ओलांडून परसात गेलो. झाड उभं होतं. शेजारी विटा येऊन पडलेल्या.

खालच्या एका फांदीवर काही काड्यांची पानं कापलेली होती. देठ नीट ठेवून, बाबूजी ठेवायचे तसे. "जायच्या आधी चार-पाच दिवस येऊन गेलते," कमलाबाई म्हणाली, "पानं कातरून गेले. म्हने दहा दिवसानं येतो, काड्या नेतो." मी फांदी खाली ओढून पाहिली. देठ गळून गेले होते. डोळे भरले होते आणि फुटलेही होते. प्रत्येक काडीच्या टोकाला तांबडी, लिबलिबीत पालवी. दिसायला फार सुंदर. कलमाला निरुपयोगी. याही वेळी उशीरच झाला होता, फक्त या वेळी त्याचा इलाज नव्हता.

कमलाबाई म्हणाली, "ताई, एक इचारू? तुमची माय तं गेली म्हनत होते भाऊ. आता तेबी गेले. मंग हे कलम कोनासाठी?"

"मले नाही मालूम," मी म्हटलं. "आमची बांदी हाय करडीले. यंदा उंच धुऱ्यावर लावीन."

बाटली काढून पातं पुसलं. बाजूची फांदी ओढली, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या निवडल्या आणि देठ ठेवून एकेक पान कापत गेले. कलमाची चाकू-कात्री आमच्या घरात कधी माझ्या हाती आली नव्हती, पण हात चुकला नाही. झाल्यावर पातं पुन्हा पुसलं. एकच झाड होतं, दुसऱ्या वेळी पुसायची गरज नव्हती.

"पोरगा घाई करून राहिला," कमलाबाई विटांकडे बघत म्हणाली. "तुमी दहा दिवसानं याल ना नक्की?"

'येते' हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. मागाच्या खोलीच्या चौकटीला एक खिळा होता. मी पात्याला फडकं गुंडाळलं आणि कात्री त्या खिळ्याला टांगली.

"हे इथंच ठेवते," म्हटलं, आणि बससाठी निघाले.