कापडी भिंतीआडची झोप

त्या कापडातून येणारा उजेड मला अजून दिसतो. सकाळी तो फिकट पिवळा असायचा, दुपारी दुधाळ. समुद्रावरून वारा सुटला की सगळी खोलीच हलकेच आत-बाहेर व्हायची, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. खोली कसली म्हणा! पिकअपच्या पाठीवर बसवलेली, आत पलंग असलेली पेटी होती ती. छप्पर वर ढकललं की चारी बाजूंनी कापडाची भिंत उभी राहायची, आणि निघताना छप्पर खाली ओढलं की ते कापड घड्या होऊन आत बसायचं.

आम्ही राहायचो त्या आखातातल्या सोहारहून कायमचा मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून नवऱ्याने ती घेतली, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. म्हटलं, "गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि तू अख्खं घर उचलून आणलंस?" तो नुसता हसला. तेव्हा त्याचं हसूसुद्धा दमलेलं असायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीवर त्याची पाळी, आज दिवसाची, चार दिवसांनी रात्रीची. झोप त्याच्या अंगातून निघूनच गेली होती. पडदे लावले, गोळ्या झाल्या, गरम दूध झालं. हा आपला सताड उघड्या डोळ्यांनी एसीची घरघर ऐकत पडलेला. कामावर एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तापलेल्या धातूपासून हातभर अंतरावर त्याला कुणीतरी मागे खेचलं. हे मला त्याने सांगितलंही नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

आणि मग पहिल्यांदा ती पेटी घेऊन आम्ही सवादीच्या किनाऱ्यावर गेलो. मी बाहेर चहा ठेवला, आत डोकावले, तर साहेब घोरतायत! लाटांचा आवाज कापडातून गाळून आत येत होता आणि नवरा लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून झोपला होता. मी तिथेच पायरीवर बसून रडले. चहा आटून गेला.

त्या दिवसापासून त्या कापडाची मी रखवालदार झाले. कापड झिजतं ते घडीवर. छप्पर खाली येताना ते बाहेर फुगतं, छपराची कड आणि पलंगाची फळी यांच्यात चिमटतं, आणि घडीत वाळू राहिली असली की मग बघायलाच नको, प्रत्येक खड्ड्यागणिक खर्रखर्र घासलं जातं. म्हणून मी आधी मऊ झाडूने घड्या झाडायचे. दव पडलेलं असलं तर कापड सुकेपर्यंत कुणालाही हलू द्यायचे नाही. बाहेरून इलॅस्टिकची दोरी गुंडाळायचे, म्हणजे छप्पर उतरताना कापड आपसूक आत ओढलं जातं. शिवाय स्वतः पलंगावर गुडघे टेकून तळहाताने ते आत सारत राहायचे आणि ओरडायचे, "हळू! हळू रे! भट्टीचं झाकण नाही ते!" नवरा म्हणायचा, "यल्ला, आटप बाई, संध्याकाळ होईल." होऊ दे की. कोण पाहतंय घड्याळ?

इतकं करूनही उशाकडचा कोपरा विरलाच. उन्हात धरलं की तिथे बारीक बारीक भोकं चमकायची, रव्याच्या चाळणीसारखी.

त्या वर्षी नाताळाला सासूबाई वसईहून आल्या. लाल लुगड्यातली, काटक, हातात काही ना काही काम लागणारी बाई. आपल्या मुलाला झोप लागत नाही हे आम्ही त्यांना कळू दिलं नव्हतं. फक्त एवढंच सांगितलं होतं की त्याला त्या पेटीत बरं वाटतं. विरलेला कोपरा त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. मी माझ्या नोकरीवर, नवरा कारखान्यात. त्यांनी दिवसभर बसून आपलं जुनं लुगडं फाडलं, त्याचे चार पदर केले आणि त्या कोपऱ्यावर गोधडीचे टाके घातले. मुंगीच्या रांगेसारखे बारीक, एकसारखे. गावाकडे फाटकं नेसूचं असंच पुन्हा उभं राहतं. माझ्यापुढे त्यांनी ते असं मिरवलं की मी "छान झालंय" म्हणून मोकळी झाले.

पण ते कापड पातळ राहण्यासाठीच असतं. चार पदरांची गोधडी घडीत बसेल कशी? पुढच्या सुट्टीला निघताना छपराची कडी लागेना. नवऱ्याने जोर लावला, आणखी जोर लावला, आणि टर्रकन आवाज झाला. टाके जिथे संपत होते तिथून कापड हातभर फाटत गेलं.

"आई, काय करून ठेवलंत हे!" माझ्या तोंडून निघालंच. "त्याची झोप होती ती! एवढी एकच जागा होती त्याला!"

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. तो म्हणाला, "जाऊ दे गं, खलास." पण त्या आठवड्यात रात्रपाळी करून तो रोज सकाळी घरी आला, की त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्याला बघायच्या. तो पडायचा, उठायचा, पाणी प्यायचा, पुन्हा पडायचा. शेवटी त्यांनी मला धरलंच. "कधीपासून हा असा? मला का नाही सांगितलंस, पोरी?" आणि पदराने तोंड दाबून त्या जी रडल्या, तशी आई रडताना मी कधी पाहिली नव्हती.

मग आम्ही दोघी लागलो कामाला. त्यांनी आपलाच एकेक टाका चिमट्याने उपसला. गाड्यांवरची छतं शिवणाऱ्याच्या दुकानातून तसंच पातळ, न भिजणारं कापड आणि त्याचा गोंद आणला. ठिगळाचे कोपरे मी गोल कापले. टोकदार कोपरा पहिल्यांदा सुटतो, मग त्यात वाळू शिरते. आतून एक, बाहेरून एक. सुई नाहीच, भोक पडलं की दव आत आलंच. गोंद लावला की सासूबाई लाटण्याने ठिगळ दाबून काढायच्या, पुरणपोळीसुद्धा त्यांनी इतक्या जपून लाटली नसेल. जुन्या टाक्यांची भोकं आम्ही एकेक करून बुजवली. सुकल्यावर छप्पर खाली ओढलं. कडी लागली. दोघी वेड्यासारख्या हसलो.

त्यांच्या परतीच्या दिवशी सकाळीच आम्ही सवादीला गेलो. गाडी मीच चालवली, नवरा रात्रपाळी उरकून थेट येऊन बसला होता. संध्याकाळचं विमान, दुपारी तोच आईला विमानतळावर सोडणार होता. मला सासूबाईंना बाजार दाखवायचा होता, म्हणून पोचल्या पोचल्या त्याने पेटीचे चारही पाय खाली सोडले आणि पिकअप तिच्याखालून मोकळी करून दिली. आम्ही बाजार करून आलो तेव्हा तो झोपला होता. गाढ. ठिगळावर ऊन पडलं होतं आणि त्याचा चेहरा पार निवांत होता.

निघायची वेळ झाली. मी पायरी चढले तसा सासूबाईंनी माझा हात धरला. "नको उठवू."

"अहो आई, असं कसं? आता परत कधी भेट व्हायची कोण जाणे. माझ्यावर भडकेल तो."

"भडकू दे. भडकायला अंगात त्राण तरी येईल."

त्या बाहेरून वळसा घालून उशाकडच्या बाजूला गेल्या. वसईला पोरगं परगावी निघालं की आई त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढते. टाचा उंच करून त्यांनी तो कापडावरच काढला, अगदी हळू, जिथे आतून त्याचं डोकं टेकलेलं होतं तिथे. हात क्षणभर तिथेच राहिला. मग गाडीत येऊन बसल्या, पट्टा लावला आणि मी गाडी विमानतळाकडे काढली.

मी परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि तो नुकताच उठून वाळूत उभा होता. "आई कुठाय?" मी सांगितलं. काय भडकला! आयुष्यात कधी नाही एवढा माझ्यावर ओरडला, शेजारची तंबूवाली माणसं बघायला लागली. मग खाली बसला आणि हुंदके देऊन रडला.

दुसऱ्या दिवशी वसईहून फोन आला. नवरा "आई, मला उठवलं का नाहीस?" म्हणून भांडायच्या तयारीतच होता. पण पलीकडून त्यांनी प्रवासाचं, तब्येतीचं काही न सांगता आधी विचारलं, "उठलास कधी?"

"दिवे लागल्यावर," तो म्हणाला.

त्या पलीकडे इतक्या मोठ्याने हसल्या की मला फोनबाहेर ऐकू आलं. "सगळी दुपार झोपला माझा लेक," त्या घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगत होत्या, "ऐकलं का, सगळी दुपार!"