हँडब्रेकचे खटके

आमच्या घरापुढची गल्ली उताराची आहे. बुलढाण्यात उतार नसलेली गल्ली शोधावीच लागते, त्यामुळे त्याचं मला कधी काही वाटलं नाही. जुनी गाडी विकत घेतली तेव्हापासून ती दारात लावायची, हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा आणि मागच्या चाकाला दगड लावायचा, हा माझा रोजचा नेम. दगड का, असं मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते मायनं.

माय देऊळघाटहून माझ्याकडे राहायला आली त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. आयुष्यभर ती अंगणवाडीत मदतनीस होती. ओट्यावर बसून ती माझं रोजचं गाडी लावणं बघायची. एका संध्याकाळी म्हणाली, "ब्रेक आहे म्हनते, मंग दगड काऊन लावते वं?"

"ब्रेक थोडा ढिला आहे."

"ढिला आहे तं कसून घे ना."

मी हसून विषय टाळला. पुढच्याच आठवड्यात शाळेतून उशिरा आले, हातात पेपरांचे गठ्ठे होते. गिअर टाकायचा राहिला, दगडही राहिला. घरात पाय ठेवते न ठेवते तोच माय ओरडली, "अवं, गाडी चालली!"

मी पळत बाहेर आले. गाडी माणूस चालतो तशी सावकाश मागे सरकत होती. शेजाऱ्यांच्या सिमेंटच्या टाक्याला टेकून ती थांबली. बंपरला ओरखडा पडला, टाक्याला काही झालं नाही. गल्लीत त्या वेळी कोणी खेळत नव्हतं. आत बसून पाहिलं तर हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. वर, पार छताकडे तोंड करून.

रविवारी सकाळी ओळखीच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला फोन केला. तो लग्नाला गावाला गेला होता. म्हणाला, "मॅडम, किती खटके वाजून राह्यले?"

मी लिव्हर हळूहळू ओढून मोजले. अकरा.

"पाच-सातात पकडलं पाह्यजे. लिव्हरच्या बुडाशी प्लास्टिकचं झाकण आहे, त्याच्याखाली नट आहे. तो कसा. पन आधी सपाट जागी गाडी न्या, समोरच्या चाकाले दोनीकून दगड लावा, मंग मागचं चाक जॅकवर उचला. आन् गाडी जॅकवर असताना खाली शिरू नका. चाकातले ब्रेकचे लायनर घासले असन तं नटानं काही नाही होत, मंग घेऊन या माह्याकडे."

गल्लीच्या टोकाला एक सपाट मोकळा प्लॉट आहे. गाडी तिथं नेली, पुढच्या चाकाला दगड लावले आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं. माय मागून चालत आली, काखेत सतरंजी घेऊन.

"सतरंजी कशाला?"

"मले पाह्यचं आहे खालून."

खाली शिरायचं नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिनं चाकाशेजारी सतरंजी टाकली, त्यावर आडवी झाली आणि मोबाईलचा उजेड गाडीखाली पाडला. मी आत पेचकसानं झाकण काढत होते.

झाकण निघालं आणि मी बघतच राहिले. लिव्हरच्या टोकाला एक आटे पाडलेली सळई, त्यावर नट, पुढे एक छोटी पट्टी आणि त्या पट्टीतून मागे गेलेल्या दोन तारा. बस्, एवढंच. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरफेचे प्रकार दर वर्षी फळ्यावर काढते. उदाहरणं अडकित्ता, कात्री, चिमटा. आणि रोज सकाळ-संध्याकाळ जी तरफ ओढते, ती कशाला बांधली आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"माय, दोन तारा आहेत!"

"हाव, मले दिसून राह्यल्या. एक या चाकाले, एक त्या चाकाले." मग तिनं विचारलं, "पन एक जास्त ओढल्या गेली न् एक कमी, तं?"

मी पट्टी बोटानं हलवून पाहिली, तर ती तराजूच्या दांडीसारखी डुलत होती. म्हणजे एक बाजू आधी ताणली तर दुसरी आपोआप ओढली जाणार. मी ते मायला सांगितलं तेव्हा आम्हा दोघींनाही फार आनंद झाला. ज्यानं कोणी ही पट्टी पहिल्यांदा बसवली, त्याचं मायनं "हुशार आहे बापा" असं कौतुक केलं.

दहा नंबरच्या पान्यानं नट चांगला कसला आणि मायला म्हटलं, "आता चाक फिरव."

"हे तं फिरतच नाही. ब्रेक सोडला ना तू?"

सोडलेलाच होता. मी उत्साहात फार आवळलं होतं. तसंच चालवलं असतं तर चाक घासत, तापत राहिलं असतं. अर्धा फेरा ढिलं केलं. माय चाक फिरवून कान देत होती. "अजून घासते. थोडं अजून. हं, आता मोकळं झालं." दुसरं चाक उचलून तेच केलं. मग मी लिव्हर ओढली आणि माय मोठ्यानं मोजत गेली. सहाव्या खटक्याला चाक गच्च धरलं.

गल्लीच्या उतारावर गिअर न टाकता हँडब्रेक ओढला आणि पाय ब्रेकवरच ठेवून, पण न दाबता, बघितलं. गाडी हलली नाही.

संध्याकाळी मायला घेऊन राजूरच्या घाटात गेले. घाटात गाडी थांबवली की माय कधी खाली उतरायची नाही. गाडी सरकेल म्हणून आत बसून दाराचा दांडा धरून ठेवायची. त्या दिवशी मी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, आणि मी दार उघडायच्या आत ती खाली उतरलीसुद्धा. कठड्याशी उभी राहून खालची गावं बघत राहिली. कोणतं कुठलं ते मला विचारत होती. मला निम्मी सांगता आली. उरलेल्यांसाठी तिनं शेळ्या घेऊन चाललेल्या एका बाईला थांबवलं आणि तिच्याशी बोलण्यात अशी रमली, की मला अर्धा तास गाडीला टेकून उभं राहावं लागलं.